डिजिटल हक्कांवरची संशोधन फेलोशिप : कोकणात राहून अर्ज कसा करायचा

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरमधल्या दोन तरुणींना अटक झाली. एकीने फेसबुकवर पोस्ट टाकली होती, दुसरीने ती लाइक केली होती. त्यावरून देशभर गदारोळ झाला, याचिका सर्वोच्च न्यायालयात पोहोचली आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं. डिजिटल हक्कांवरच्या बहुतेक परिसंवादांत या निकालाचं नाव निघतं. त्याची सुरुवात उत्तर कोकणातल्या गावात झाली, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

हे आधी सांगायचं कारण असं की आपल्याकडची मुलं-मुली या विषयातल्या फेलोशिपसाठी अर्ज करताना स्वतःचं गावच पुसून टाकतात. राहतात गुहागरला किंवा वेंगुर्ल्याला, आणि प्रस्तावाचं शीर्षक असतं ‘भारतातील डेटा संरक्षण : आव्हाने आणि संधी’. असा अर्ज दिल्लीतला कायद्याचा कुठलाही विद्यार्थी करू शकतो, आणि तुमच्यापेक्षा बरा करू शकतो. तुमच्याकडे असलेली आणि त्याच्याकडे नसलेली गोष्ट म्हणजे रेशन दुकानाची रांग, मच्छीमार सोसायटीचं कार्यालय आणि सेतूतल्या बाकावरची गर्दी. म्हणून या लेखात फेलोशिपच्या नावांआधी प्रश्न येतो.

आधी प्रश्न पकडा

डिजिटल हक्क म्हणजे नुसतं फेसबुकवर काय लिहिता येतं तेवढंच नव्हे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालाने इंटरनेटवरून बोलणं आणि व्यापार करणं यांना घटनेच्या कलम १९ चं संरक्षण आहे असं म्हटलं, आणि नेट बंद करण्याचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत अशी अट घातली. हे दोन्ही निकाल हातात घेऊन आपल्या किनाऱ्याकडे पाहा. विषयांची रास पडलेली आहे.

३ जून २०२० चं निसर्ग वादळ घ्या. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड भागात कित्येक दिवस फोन लागत नव्हते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हाही शहराचा संपर्क तुटला. सरकारने नेट बंद केलं तर आदेश निघतो, त्याला न्यायालयात आव्हान देता येतं. टॉवरचं डिझेल संपलं आणि तालुका गप्प झाला तर कुठलाच कागद निघत नाही. मग जबाबदारी कोणाची? हा चांगला प्रश्न आहे, कारण त्याचं उत्तर परवान्याच्या अटींत, जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात आणि लोकांच्या आठवणींत विखुरलेलं आहे. ते एकत्र करणं हेच संशोधन.

किंवा बोटींवरचे ट्रान्सपॉन्डर, म्हणजे बोट कुठे आहे ते कळवणारी यंत्रं. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी ही योजना देशपातळीवर सुरू केली. तेरा किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख बोटींवर ते टप्प्याटप्प्याने बसवायचे आहेत. वादळात तांडेलाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाचा, जीव वाचवणारं यंत्र आहे, त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण मासा कुठे लागतो ही तांडेलाची पिढीजात पुंजी असते. बोट कुठे थांबली, किती वेळ थांबली, ही नोंद कोणाकडे जाते, किती काळ राहते, दंडाच्या कारवाईत ती वापरता येते का? हर्णै किंवा मालवणच्या जेटीवर सकाळी दोन तास बसलात तर प्रस्तावाची पहिली दोन पानं तिथेच मिळतील.

उदाहरणादाखल मी इथून पुढे तिसराच प्रश्न धरतो, कारण तो लहान आहे आणि लहान प्रश्न पूर्ण होतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत काजू फोडायचं आणि सोलायचं काम बहुतांश बायका करतात. टरफलातलं तेल कातडी जाळतं. हाताला राख नाहीतर तेल चोळून काम चालतं, तरी बोटं सोलवटतातच. हीच बोटं महिन्याला रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर ठेवायची असतात. ‘अंगठा उठत नाही’ हे वाक्य कोकणातल्या कुठल्याही रेशन दुकानात ऐकू येतं. प्रश्न असा : काजू कामगार बायकांचा अंगठा जुळला नाही तर धान्य कोणत्या मार्गाने मिळतं, आणि तो मार्ग कागदावर आहे तसाच दुकानात आहे का?

प्रश्न धोरणाला कुठे टेकतो ते शोधा

निवड समिती ‘मग काय?’ असं विचारते. लोकांचे हाल सांगणारे अर्ज भरपूर येतात. कोणता नियम, कोणतं परिपत्रक, कोणता अधिकारी बदलला तर हाल कमी होतील हे सांगणारे कमी. आपल्या उदाहरणात धागा असा लागतो. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने रेशनसाठी आधार आवश्यक केलं. २४ ऑक्टोबर २०१७ ला केंद्राच्याच अन्न विभागाने राज्यांना कळवलं की आधार नाही किंवा अंगठा जुळला नाही एवढ्या कारणावरून धान्य नाकारू नये. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालाने अनुदान आणि कल्याणकारी योजनांसाठी आधारची सक्ती टिकवून ठेवली. म्हणजे सक्ती आहे आणि सवलतही आहे. तुमचं संशोधन या दोहोंच्या मधल्या फटीत आहे : दुकानात अपवादाची नोंदवही आहे का, ओटीपीचा पर्याय दिला जातो का, डोळ्यांचं स्कॅनर आहे का आणि असलं तर चालतं का.

फेलोशिप विकसनशील देशांसाठीची असेल तर एक परिच्छेद बाहेरच्या देशांवर हवा. तो ओढूनताणून आणायची गरज नाही. जमैकाच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये तिथली राष्ट्रीय ओळख योजना रद्द केली, आणि तसं करताना आपल्या आधार निकालातल्या न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या विरोधी मताचा आधार घेतला. केनियाच्या उच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये ‘हुदुमा नांबा’ या तिथल्या ओळख योजनेला पुरेसा कायदेशीर आराखडा तयार होईपर्यंत रोखलं. वेंगुर्ल्याच्या बाईची बोटं आणि नैरोबीतली नोंदणी हा एकाच वादाचा भाग आहे, हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

अर्जाआधी थोडं काम करून ठेवा

समितीला पटवण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे प्रस्तावासोबत थोडी आकडेवारी. त्यासाठी माहिती अधिकार आहे. अर्जाची फी १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला की झालं. राज्याचं ऑनलाइन पोर्टलही आहे. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, ही अट विसरून पानभर लिहिणाऱ्यांचे अर्ज परत येतात. तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेच्या जनमाहिती अधिकाऱ्याला लिहा आणि मत विचारू नका, नोंदी मागा : ‘अमुक तालुक्यातील रास्त भाव दुकानांत अंगठा न जुळल्याने पर्यायी पद्धतीने धान्य दिलेल्या शिधापत्रिकांची दुकानवार, महिनावार संख्या’. ‘का दिलं जात नाही’ असं विचारलंत की ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती’ म्हणून बोळवण ठरलेली.

उत्तराला ३० दिवस. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर कलम ६(३) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवणं त्यांचं काम आहे, तुमचं नाही. उत्तर नाही आलं तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, २० रुपयांच्या स्टॅम्पावर. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे. तिथे तारीख लागायला वेळ जातो, तेव्हा फेलोशिपच्या वेळापत्रकात त्यावर विसंबू नका. ‘माहिती मागितली, दिली गेली नाही’ हाही निष्कर्षच असतो. अर्जाची आणि पोचपावतीची प्रत जपून ठेवा.

वैयक्तिक माहितीच्या बाबतीत आता जास्त अडणार हे गृहीत धरा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला, आणि व्यापक जनहितासाठी अशी माहिती देता येण्याची त्या पोटकलमातली तरतूद गळाली. कलम ८(२) मध्ये जनहिताचा मुद्दा अजून आहे. अपिलात त्यावर बोट ठेवा. शिवाय नावं नको, फक्त संख्या हव्यात असं अर्जातच लिहिलंत तर अर्धी अडचण टळते.

राज्याच्या ई-पॉस संकेतस्थळावर दुकानवार व्यवहार दिसतात, तेही महिनाभर पाहून ठेवा. आणि पाच-सात जणींशी बोला. त्याहून जास्त अर्जाआधी नको. लोकांचा वेळ फुकट घेण्यालाही मर्यादा आहे.

विषय वेबसाइट अडवण्याचा किंवा नेटच्या दर्जाचा असेल तर ओनी प्रोब हे मोफत अॅप वापरून मोजणी करता येते आणि तिचे निकाल जगाला खुले असतात. मात्र चाचणी सुरू करण्याआधी त्यातल्या जोखमीच्या सूचना वाचा. ते अॅप तुमच्या फोनवरून वादग्रस्त साइटही उघडून पाहतं.

कोणती फेलोशिप?

नाव सगळ्यांचं फेलोशिप, आतला माल वेगळा. काही फेलोशिप तुम्हाला बैठकीला नेतात : इंटरनेटवरच्या डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅनची, किंवा आशिया-पॅसिफिकच्या आयपी पत्त्यांचं काम पाहणाऱ्या एपनिकची. प्रवास, राहणं, ओळखी मिळतात. संशोधनाचे पैसे मिळत नाहीत. भारतात भरणारी इनसिग ही इंटरनेट कारभाराची शाळा काही दिवसांचीच असते, पण पहिल्यांदा या विषयात येणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे.

खऱ्या संशोधनासाठी : कोलंबोच्या लर्नएशिया या धोरण संशोधन संस्थेशी जोडलेलं सीपीआरसाउथ हे तरुण संशोधकांचं व्यासपीठ, १९९० पासून काम करणाऱ्या एपीसी (असोसिएशन फॉर प्रोग्रेसिव्ह कम्युनिकेशन्स) या संघटनेचं स्त्रीवादी इंटरनेट संशोधन जाळं, ज्यात आपला काजूचा प्रश्न चपखल बसतो, मोझिलाच्या फेलोशिप. कॅनडाची आयडीआरसी विकसनशील देशांतल्या संशोधनाला पैसा देते, पण बहुधा संस्थांमार्फत. ओपन टेक्नॉलॉजी फंडाची इन्फर्मेशन कंट्रोल्स फेलोशिप सेन्सॉरशिप आणि पाळतीवर तांत्रिक काम करणाऱ्यांसाठी आहे. तिचा निधी अमेरिकी सरकारचा, आणि मार्च २०२५ मध्ये तो रोखला गेल्यावर प्रकरण न्यायालयात गेलं होतं. एकाच दात्यावर वर्ष लावू नये हे त्यावरून कळतं. परदेशी विद्यापीठात जायचं असेल तर हार्वर्डचं बर्कमन क्लाइन सेंटर, फुलब्राइट-नेहरू, चेव्हनिंग असे रस्ते आहेत. त्यांची तयारी वर्षभर आधी लागते.

देशातल्या संस्थांकडे दुर्लक्ष करू नका. बंगळुरूची सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी आणि आयटी फॉर चेंज, दिल्लीची इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन, राष्ट्रीय विधी विद्यापीठाचं सेंटर फॉर कम्युनिकेशन गव्हर्नन्स. डिजिटल फ्यूचर्स लॅब तर गोव्यात आहे, सावंतवाडीकरांना मुंबईपेक्षा जवळ. यांचे संशोधन अहवाल आधी वाचा, मग एक छोटी ईमेल लिहा : प्रश्न काय, हातात काय आहे, आणि त्यांच्या कोणत्या अहवालाशी तो जोडला जातो. मोठ्या फेलोशिपना यजमान संस्था किंवा शिफारसपत्र लागतं तेव्हा ही ओळख कामी येते.

जाहिरात वाचताना चार गोष्टी पेनाने अधोरेखित करा : नागरिकत्वाची की वास्तव्याची अट आहे, पैसे व्यक्तीला मिळतात की संस्थेला, पूर्णवेळ काम हवं की नोकरी सांभाळून चालेल, आणि अहवालाचे हक्क कोणाकडे राहतात.

प्रस्ताव लिहिताना

आधी मराठीत लिहा. इंग्रजीत विचार करायला बसलं की ‘सबलीकरण’ आणि ‘भागधारक’ आपोआप येतात आणि बाई दिसेनाशी होते. मराठीत दोन पानं नीट उतरली की मग इंग्रजी करा आणि इंग्रजी चांगलं असलेल्या माणसाकडून तपासून घ्या. एआयकडून पूर्ण प्रस्ताव लिहून घेतला तर तो बाकीच्या शंभर अर्जांसारखाच दिसतो. व्याकरण तपासायला वापरा, हरकत नाही, नियमांत परवानगी आहे का तेवढं बघा.

पहिल्याच परिच्छेदात तालुका, माणसं, यंत्र आणि नियम आले पाहिजेत. पद्धत सांगताना आकडे द्या : किती दुकानं, किती मुलाखती, कोणत्या महिन्यांत. आणि वेळापत्रक कोकणाच्या पंचांगाने आखा. जूनअखेर ते जुलै लावणीचे दिवस, कोणी बोलायला मोकळं नसतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे बोटीवरचा विषय असेल तर खलाशी गावी गेलेले आणि मालक मात्र निवांत सापडतील. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेलं. शिमग्यातही तेच. काजू-आंब्याच्या हंगामात, मार्च ते मे, हाताला काम असतं आणि बोटांची अवस्थाही तेव्हाच नीट दिसते. परदेशातला परीक्षक हे वाचतो तेव्हा हा माणूस खरोखर तिथे राहतो हे त्याला पटतं.

अंदाजपत्रकात एसटी-रिक्षा भाडं, मुलाखतीसाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई, मुलाखती उतरवून घेण्याचा खर्च, इन्व्हर्टर किंवा पॉवर बँक, चार्टर्ड अकाउंटंटची फी आणि बँकेचे चार्जेस धरा. लोक इन्व्हर्टर लिहायला लाजतात. पावसात लाइट दोन दोन दिवस जाते, लिहा.

शिफारसपत्र आमदाराचं नको. तुमचं लिखाण वाचलेल्या प्राध्यापकाचं, किंवा ज्यांच्याबरोबर काम केलंत त्या संस्थेचं हवं. शैक्षणिक संलग्नता मागितली तर मुंबई विद्यापीठाचं रत्नागिरी उपकेंद्र किंवा लोणेरेचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ इथे संबंधित विभागात जाऊन भेटा. फोनवर हे काम होत नाही.

पैसा येण्याआधी कायदा

इथे घाई केली तर फेलोशिप मिळूनही हातात येत नाही. परदेशी रक्कम असेल तर विदेशी अंशदान नियमन कायदा २०१० वाचा. कलम ३ नुसार निवडणुकीतला उमेदवार, लोकसेवक, नोंदणीकृत वृत्तपत्राचा संपादक, वार्ताहर, स्तंभलेखक यांना परदेशी अंशदान घ्यायला मनाई आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक आणि तालुका प्रतिनिधी म्हणून बातम्या पाठवणारे तरुण, दोघांनीही याकडे नीट पाहावं, कारण कोकणात या विषयात रस घेणारे बरेचसे हेच असतात. कलम ४ मध्ये शिष्यवृत्ती, विद्यावेतन आणि तशा स्वरूपाच्या रकमेला या मनाईतून सूट आहे. म्हणून करारात रक्कम कोणत्या नावाने येते, विद्यावेतन, अनुदान की कामाचा मोबदला, यावर पुढचं सगळं ठरतं. संस्थेला विचारून ते लेखी घ्या. सरकारी नोकरीत असाल तर विभागाची परवानगी वेगळी.

‘गावातल्या एखाद्या ट्रस्टच्या खात्यातून फिरवू’ हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी घेतलेल्या संस्थेला तो दुसऱ्याकडे वळवता येत नाही. प्राप्तिकरातही शिष्यवृत्ती म्हटलं की कर माफ असं सरसकट नसतं. या कामाची माहिती असलेला सीए रत्नागिरी किंवा पनवेलला गाठा, आणि करारावर सही करण्याआधी गाठा.

माणसांची काळजी

संमतीपत्र मराठीत हवं, आणि मोठ्याने वाचून दाखवलेलं. मालवणीत समजावलं तरी चालेल, नव्हे, चांगलंच. आधार क्रमांक लिहून घेऊ नका, शिधापत्रिकेचा फोटो काढू नका. संशोधनाला त्यांची गरज नसते. २०२३ च्या डेटा कायद्याच्या कलम १७ मध्ये संशोधनाला सवलत आहे, पण जमा केलेल्या माहितीवरून त्या व्यक्तीबद्दल कसलाही निर्णय घ्यायचा नाही आणि ठरलेले निकष पाळायचे, या अटींवर.

खरी अडचण कायद्यापेक्षा वाडीची आहे. पंधरा घरांच्या वाडीत नाव बदलून काही होत नाही. ‘काजू फोडणारी पन्नाशीची विधवा, दोन मुलगे मुंबईला’ एवढ्यावरून अख्खा गाव ओळखतो, आणि दुकानदार तर आधी. त्याच दुकानदाराकडे तिला पुढच्या महिन्यात पिशवी घेऊन जायचं असतं. तेव्हा गावाचं नाव गाळा, तालुक्याच्या पातळीवर लिहा, दोघींचे तपशील गरजेप्रमाणे मिसळा आणि तसं केल्याचं अहवालात नमूद करा. नावांची यादी वेगळ्या वहीत, मुलाखती कुलूपबंद फोल्डरमध्ये. ध्वनिमुद्रण उतरवून, तपासून झालं की पुसून टाका.

दुकानदाराशीही बोला. सर्व्हर बंद पडला की रांगेच्या शिव्या तोच खातो, आणि यंत्र कुठे अडतं हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

मुलाखत आणि नंतर

निवडीची मुलाखत व्हिडिओवर होते. घरात रेंज एका खिडकीतच येत असेल तर त्या दिवशी तालुक्याच्या गावी मित्राकडे जा, दुसऱ्या कंपनीचं सिम भरून ठेवा, आणि नेट तुटलं तर कोणत्या नंबरवर फोन करायचा हे आयोजकांना आदल्या दिवशी कळवा. प्रश्न बहुतेक तीनच असतात : हे तुम्हीच का करावं, अमुक पद्धत फसली तर काय कराल, अहवाल कोण वाचणार. तिसऱ्याचं उत्तर तयार ठेवा. जिल्हा पुरवठा अधिकारी, तालुक्याची दक्षता समिती, आणि मराठीत चार पानांचा गोषवारा.

नकार आला तर कारणं विचारणारी नम्र ईमेल पाठवा. काही ठिकाणी उत्तर देतात. तोच प्रस्ताव दुसरीकडे पाठवताना मात्र ‘या फेलोशिपचं उद्दिष्ट’ हा परिच्छेद नव्याने लिहा, जुन्या संस्थेचं नाव तसंच राहिलेले अर्ज दरवर्षी येतात.

होकार आला तर पहिला हप्ता येण्याआधी गावातल्या लोकांना खोटी आशा लावू नका. रेशन सुरू करून देतो असं कोणाला सांगायचं नाही. मुलाखतीत एखादीचं धान्य खरोखर अडलेलं दिसलं तर तक्रार अर्ज लिहायला बसा, संशोधनाची वही बाजूला ठेवून. गोषवारा छापून झाला की २ ऑक्टोबरच्या किंवा २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचायला वेळ मागा. विषयपत्रिकेत नाव यावं म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) पंधरा दिवस आधी लेखी द्या आणि पोच घ्या.